उजेडाने जेल आखडतं ते पिळामुळे की उष्णतेमुळे?

परळची अनघा

नमस्कार. मी हाताच्या दुखापतींवर काम करणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, सतरा वर्षं परळलाच. प्रश्न रसायनशास्त्राचा आहे, पण तो माझ्या टेबलावर कसा आला ते आधी सांगते.

सध्या माझ्याकडे दादरच्या फुलगल्लीत गजरे करणाऱ्या एक बाई येतात. जिन्यावरून पडल्या, उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं आणि त्या हाडाला वळसा घालून जाणारी रेडियल नर्व्ह दुखावली. हाड जुळलं. मनगट मात्र अजून खाली लोंबतं. मूठ वळते, पण बोटं उघडत नाहीत. ज्यांनी कधी गजरा केला असेल त्यांना कळेल, कळी उचलायला आधी चिमूट उघडावी लागते. बाईंचं सगळं तिथे अडलंय. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. दंडाच्या मध्यापासून कोपराखालच्या स्नायूंपर्यंत ती पोचायची म्हणजे काही महिन्यांचं काम.

तोपर्यंत आम्ही स्प्लिंट देतो. गरम पाण्यात मऊ होणारी प्लास्टिकची शीट हातावर बसवायची, वर तारेची कमान काढायची, कमानीपासून रबरबँड आणि रबरबँडच्या टोकाला बोटासाठी चामड्याची झोळी. रबर बोट वर धरतं, बाई जोर लावून ते मिटतात, जोर सोडला की रबर परत उघडतं. कल्पना जुनी आणि चांगली आहे. पण रबर जितकं ताणावं तितकं जास्त ओढतं. म्हणजे बाई कळी घट्ट धरायला जातात, नेमक्या त्या क्षणी रबराची ओढ सर्वांत जास्त असते. अर्ध्या तासात हात थकतो. शिवाय घाम आणि उकाडा. मे महिन्यात मी दर आठवड्याला रबरं बदलते. परवा बाई म्हणाल्या, "ताई, रबर माझं ऐकत नाही, मलाच त्याचं ऐकावं लागतं."

ते वाक्य डोक्यात घेऊन लोकलमध्ये बसले होते आणि मोबाइलवर रेणूंच्या मोटारींबद्दल वाचलं. उजेड पडला की फिरणारे रेणू, ते जेलमध्ये गुंफले की अख्खं जेल डोळ्यांदेखत आखडतं. उजेड हवा तेव्हा लावायचा, नको तेव्हा बंद. मला वाटलं, रबराच्या जागी असं काही असतं तर बाई चिमूट मिटतात तेव्हा ओढ सोडून देता आली असती.

आता प्रश्न. पहिला: हे नुसत्या उष्णतेने होत नाही कशावरून? दिव्याखाली काहीही धरलं तर तापतंच. जिलेटिन उन्हात ठेवलं तर वितळतं, आखडत नाही. दुसरा: याला "स्नायूसारखं" म्हणतात. स्नायू मी शिकले आहे. त्यात मायोसिन या प्रथिनाची मुंडकी अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्याला धरून ओढतात, एकेक ओढ काही नॅनोमीटरची, आणि दोन-सव्वादोन मायक्रोमीटरच्या खणांची लांबच लांब रांग असते म्हणून त्या ओढींची बेरीज होते. जेलमध्ये अशी रांग कुठे आहे? इकडे तिकडे तोंड करून फिरणाऱ्या मोटारींची बेरीज कशी होते? तिसरा: बोट वर धरायला मी रबरबँडने साधारण शंभर-दोनशे ग्रॅमचा ताण देते. हे जेल त्याच्या जवळपास येतं का? "नाही" असेल तर स्पष्ट नाही सांगा, पण का नाही तेही सांगा.

रसायन पवई

अनघाताई, मी पवईला प्रकाशरसायनात पीएचडी करतो. या मोटारींवर नाही, त्यांच्या शेजारच्या अ‍ॅझोबेंझीन या रेणूवर. पण प्रयोगशाळेत आमच्या चहाच्या गप्पा याच विषयावर चालतात, म्हणून लिहितो.

आधी रेणू. कार्बन-कार्बन दुहेरी बंध एरवी फिरत नाही. एकेरी बंध म्हणजे एका खिळ्यावर टांगलेली पाटी, गरगर फिरते. दुहेरी म्हणजे दोन खिळ्यांवर ठोकलेली. प्रकाशाचा कण शोषला गेला की क्षणभर त्यातला एक खिळा निघतो, वरचा अर्धा भाग पलटतो, खिळा परत बसतो. इथवर माझा अ‍ॅझोबेंझीनही जातो. पण तो ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत येतो. जा-ये, जा-ये. म्हणून त्याला आम्ही स्विच म्हणतो. दार उघडलं, दार बंद केलं, पाणी काही वर चढलं नाही.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात बेन फेरिंगा यांच्या गटाने १९९९ मध्ये जो रेणू केला त्यात दुहेरी बंधाच्या दोन्ही बाजूंचे भाग मुद्दाम अडचणीचे ठेवले होते. इतके जाडजूड की ते एका पातळीत बसूच शकत नाहीत, पंख्याच्या पात्यांसारखे तिरके होतात. शिवाय प्रत्येक भागावर एक मिथाइल गट अशा जागी, की एका बाजूला तिरकं होणं सोयीचं आणि दुसऱ्या बाजूला अवघड. प्रकाशाने पलटी मारली की रेणू अवघड बैठकीत सापडतो. मग भोवतालच्या रोजच्या हादऱ्यांनी दोन भाग एकमेकांवरून घसरून सोयीच्या बैठकीत येतात. हे घसरणं उताराचं, उलट चढून जाणं जवळजवळ होत नाही. पुन्हा प्रकाश, पुन्हा घसरण. चार पायऱ्यांत एक पूर्ण फेरी, आणि नेहमी एकाच दिशेने. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये खुंटी एकाच बाजूला निसटू देते, तसं. त्या पहिल्या रेणूला फेरी पुरी करायला ६० अंशांपर्यंत तापवावं लागायचं. पुढे अशा मोटारी झाल्या ज्यांचा वेग सेकंदाला लाखो फेऱ्यांपर्यंत जातो.

आता तुमचा पहिला प्रश्न, आणि तो फार योग्य आहे, कारण उष्णतेने आखडणारी जेल खरोखरच आहेत. पीएनआयपीएएम नावाचं पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचा रेणू, आहे, त्याचं पाण्यातलं जेल साधारण ३२ अंशांच्या वर गेलं की पाणी ओकून आक्रसतं. त्यात सोन्याचे नॅनोकण मिसळले तर नुसत्या उजेडानेही आक्रसतं, पण तिथे उजेडाचं काम तापवण्यापुरतं. तिथे आणि मोटारीत मोठा फरक आहे. उष्णतेच्या हादऱ्यांना दिशा नसते, ते रेणूला जितके पुढे ढकलतात तितकेच मागे. दिशा येते ती रेणूच्या घडणीतून, आणि ती टिकवायची किंमत प्रकाशाच्या कणाने चुकवलेली असते. उष्णता मोटारीलाही लागते, घसरणीच्या पायरीला, पण ती खोलीतल्या तापमानाची, सगळ्यांना फुकट मिळणारी. दिवा बंद करून नुसतं तापवा, मोटार एकही फेरी घेणार नाही.

दुसरा प्रश्न, बेरजेचा. यावर लोकांनी दोन वेगळ्या वाटा काढल्या.

एक वाट स्ट्रासबर्गची. निकोला ज्युझेपॉन यांच्या गटाने २०१५ मध्ये मोटार हीच जेलच्या जाळ्याची गाठ केली. नेहमीच्या जेलमध्ये पॉलिमरच्या लांब साखळ्या एकमेकींना गाठींनी जोडलेल्या असतात. त्यांनी मोटारीच्या वरच्या भागाला दोन साखळ्या बांधल्या, खालच्या भागाला दोन. मोटार फिरली की वरची जोडी खालच्या जोडीच्या तुलनेत फिरते आणि साखळ्या एकमेकींभोवती वेणीसारख्या गुंफल्या जातात. अशा गाठी जेलभर. म्हणून मोटारींचं तोंड कुठे आहे याने बिघडत नाही. स्नायूत सगळ्यांनी एका रेषेत ओढावं लागतं, इथे प्रत्येकीने फक्त आपल्या जवळच्या साखळ्या आवळायच्या. जेल सर्व बाजूंनी लहान होतं.

दुसरी वाट खुद्द ग्रोनिंगेनची, २०१८ मधली, आणि ती तुमच्या स्नायूच्या जास्त जवळ आहे. तिथे पॉलिमर नाहीच. मोटारीच्या एका टोकाला पाणी आवडणारे गट जोडले, मग त्या रेणूंनी पाण्यात आपोआप बारीक तंतू केले, तंतूंच्या जुड्या झाल्या, आणि कॅल्शियमच्या द्रावणात त्या जुड्या एका दिशेने लागून सेंटिमीटरभर लांबीची दोरी झाली. तिच्यात ९५ टक्के पाणी. एका बाजूने अतिनील प्रकाश टाकला की दोरी दिव्याकडे वाकते. तिने लहानसं वजनही उचलून दाखवलं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्पष्ट मागितलंत म्हणून स्पष्ट देतो: नाही. तुमचे शंभर-दोनशे ग्रॅम आज यांच्या आवाक्यात नाहीत. पण फक्त ताकदीचा प्रश्न नाही. जेल आखडतं म्हणजे त्यातला द्रव बाहेर पडायला हवा, आणि द्रव जाळ्यातून झिरपत बाहेर पडतो. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट, दसपट केली की शंभरपट. मिलिमीटरभर जाडीच्या जेललाच तासांच्या हिशोबाचा वेळ लागू शकतो. ताकद वाढवायला जाड करावं तर ते इतकं संथ होतं की चिमूट उघडेपर्यंत गजऱ्याचा सीझन संपेल. बारीक केलं तर चपळ, पण दुबळं. तुमच्या स्नायूने हे कोडं बारीक तंतूंचे लाखो पदर शेजारी शेजारी ठेवून सोडवलंय.

आणि प्रकाश. बहुतेक मोटारींना अतिनील किंवा निळसर प्रकाश लागतो. तो जेलच्या वरच्या थरातच शोषला जातो, आतल्या मोटारी अंधारात राहतात. म्हणूनच ती दोरी वाकते: उजेडाची बाजू आखडते, सावलीची नाही. पेशंटच्या त्वचेशेजारी दिवसभर अतिनील दिवा मी तरी लावू देणार नाही. शरीरातून त्यातल्या त्यात बरा जाणारा प्रकाश म्हणजे तांबडा आणि त्याच्या पलीकडचा, साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटर. त्या प्रकाशावर चालणाऱ्या मोटारी करण्याचं काम सुरू आहे, आणि माझ्या मते वैद्यकीय उपयोगाचं दार तिथूनच उघडेल.

परळची अनघा

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. "नाही" कळलं. द्रव झिरपायचा वेळ हा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता, आणि तो मला ताकदीपेक्षा मोठा वाटतो. सुजलेल्या हातावर आम्ही दाबपट्टी बांधतो तेव्हाही हेच अनुभवतो. पाणी आपल्या वेगाने जातं, आपण घाई करून उपयोग नसतो.

एकच गोष्ट गळ्याखाली उतरत नाहीये. वेणी घातली की केस आखूड होतात, मान्य. पण किती? थोडेसे. दोरीला पीळ घातला तरी लांबीत फार फरक पडत नाही. मग नुसत्या पिळाने अख्खं जेल नजरेला दिसेल इतकं लहान कसं होतं?

लालबागकर

अनघाताई, रसायन माझा विषय नाही, पण पीळ माझा विषय आहे. १९७४ ला गिरणीत लागलो ते रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, ८२ च्या संपापर्यंत तिथेच. बोटांना अजून सुताची सवय आहे. तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि म्हटलं, याचं उत्तर मी देऊ शकतो.

रिंग फ्रेमवर चाती फिरते, ट्रॅव्हलर म्हणजे सूत ओवलेली छोटी कडी, ती मोठ्या कड्यावर धावते. ट्रॅव्हलरची एक फेरी म्हणजे सुताला एक पीळ. चाळीस नंबरचं ताण्याचं सूत असेल तर इंचाला पंचवीसच्या आसपास पीळ. बाण्याला जरा कमी, कारण ते मऊ हवं. हा झाला बेताचा पीळ. याने सूत आखडतं ते शेकड्याला काही टक्के, तुम्ही म्हणता तसं थोडंसंच. त्याचा हिशोब धरूनच आम्ही चालायचो.

पण पीळ बेताबाहेर गेला की गोष्ट बदलते. एक काम करा. हातभर दोरा घ्या, एक टोक खिळ्याला बांधा, दुसरं टोक ताणून धरून एकाच दिशेने पिळत राहा. दोरा कडक होईल, बोटांत थरथरेल. आता हात खिळ्याकडे जरासा न्या. दोरा मध्येच उडी मारून स्वतःभोवती वळसा घेईल. आणखी जवळ न्या, आणखी वळसे. हातभर दोऱ्याची वीतभर लड होते. एवढी लांबी गेली कुठे? वळशांत गेली. बेताच्या पिळात दोरा फक्त कडक होतो, बेताबाहेरच्या पिळात तो अंगावर अंग घालतो. पवईच्या मुलाने लिहिलंय ते वाचून मला वाटतं, तुमचं जेल या दुसऱ्या प्रकारात मोडत असणार. मोटार थांबतच नाही ना, उजेड आहे तोवर पीळ घालतेच.

क्रेपची साडी आठवा. तिच्या सुताला असाच जबर पीळ असतो. विणून होईपर्यंत तो दाबून ठेवलेला. कापड पाण्यात गेलं की सूत मोकळं होतं, आपला पीळ आठवतं आणि कापड आक्रसून त्याला ती बारीक सुरकुती येते. म्हणजे पिळाने आखडणारं कापड आपल्या बायका कधीपासून नेसतायत.

माझा एक प्रश्न आहे. आम्ही दोन पदर एकत्र करायचो, डबलिंग, तेव्हा एकेका पदराचा पीळ ज्या दिशेने त्याच्या उलट्या दिशेने एकत्र पीळ द्यायचो. तेव्हाच सूत शांत बसतं, नाहीतर ते कायम वळवळतं. तुमची मोटार एकाच दिशेने फिरते म्हणता. मग उलगडायचं कसं? बाईंचं बोट एकदा वर गेलं की तिथेच राहणार का?

रसायन पवई

काका, दोन वर्षं मी हा विषय लोकांना समजावतोय, पण दोरा आणि खिळा माझ्याकडून कधी आला नाही. तुमचं म्हणणं बरोबर आहे. साखळ्या गुंडाळल्या जातात, गोळा होतात, आणि त्यांच्यामधला द्रव पिळून बाहेर पडतो. ओलं फडकं पिळतो तसंच.

एक फरक मात्र सांगायला हवा. तुमचा दोरा ताठ आहे, तो पिळाला अंगच्या कडकपणाने विरोध करतो. पॉलिमरची साखळी इतकी बारीक आणि मऊ असते की ती सतत हादऱ्यांनी वळवळत असते, तिचा विरोध कडकपणातून कमी आणि मोकळं राहण्याच्या ओढीतून जास्त येतो. पण वळसे घेऊन आखडणं दोन्हीकडे आहे.

आणि तुमचा प्रश्न हाच त्या २०१५ च्या कामाचा कच्चा दुवा होता. अंधारात दुहेरी बंध कुलपासारखा बसतो, मोटार मागे फिरत नाही, जेल आखडलेलंच राहतं. फायदा असा की ते तसं धरून ठेवायला ऊर्जा लागत नाही. स्नायूला मात्र वजन नुसतं धरून ठेवायलाही सतत एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळावं लागतं, हे अनघाताईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तोटा असा की परत येता येत नाही.

२०१७ मध्ये त्याच स्ट्रासबर्गच्या गटाने उत्तर काढलं आणि ते तुमच्या डबलिंगची आठवण करून देणारं आहे. मोटार उलटी फिरवता येत नाही, कारण तिची दिशा तिच्या घडणीतच आहे. उलटी हवी तर आरशातल्या प्रतिमेसारखा दुसरा रेणू बनवावा लागतो. म्हणून त्यांनी जाळ्यात मोटारीच्या जोडीला आणखी एक प्रकारचा रेणू बसवला. अतिनील प्रकाशात तो मिटलेला, घट्ट, म्हणजे मोटारीने घातलेला पीळ टिकतो. दृश्य प्रकाश टाकला की तो उघडतो, त्याच्या आत मोकळे फिरणारे एकेरी बंध तयार होतात, आणि साठलेला पीळ तिथून भराभर उलगडतो. एका रंगाच्या उजेडाने आवळा, दुसऱ्या रंगाच्या उजेडाने सोडा. दोन्ही एकदम लावले तर पीळ घालण्याचा वेग आणि सुटण्याचा वेग यांच्या रस्सीखेचीतून जेल मधल्या कुठल्या तरी आकाराला स्थिरावतं. मला या सगळ्यातली ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. बाहेरून स्थिर दिसणारं जेल, आणि आत सतत पीळ पडतोय आणि सुटतोय.

अनघाताई, तुम्हाला रबराची ओढ वेळेवर सोडायची आहे ना, तर तत्त्व म्हणून हे तुमच्याच गरजेचं आहे. फक्त स्प्लिंटच्या मापाचं अजून नाही. तोपर्यंत पिळाचीच एक दुसरी वाट आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस इथल्या शाखेत रे बॉमन यांच्या गटाने मासे धरायच्या नायलॉनच्या साध्या दोरीला बेताबाहेर पीळ देऊन तिची स्प्रिंग केली. तापवली की ती आखडते, गार झाली की सैल पडते, आणि तेवढ्याच लांबी-वजनाच्या मानवी स्नायूच्या साधारण शंभरपट वजन उचलते. तिथे रेणूंची मोटार नाही. नायलॉन तापलं की लांबीला आखडतं आणि जाडीला फुगतं, आणि पिळामुळे तो फरक मोठा होऊन बाहेर येतो.

वेसाव्याची पोर

आमच्याकडे त्याला तंगूस म्हणतात. मी डिप्लोमा मेकॅनिकलला आहे, गेल्या वर्षी आम्ही दोघींनी प्रोजेक्टला हेच केलं होतं, म्हणून सांगते.

घरात तंगूस पडलेलंच असतं. मीटरभर घेतलं, वरचं टोक ड्रिल मशीनच्या तोंडात, खाली अर्ध्या किलोचं वजन. ड्रिल हळू फिरवायचं. आधी तंगूस नुसतं आखूड होतं, मग एके ठिकाणी पहिला वेढा उठतो, आणि तो उठला की त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा, अशी सरळ स्प्रिंग तयार होत जाते. वजन जास्त झालं तर तुटतं, कमी झालं तर काकांनी लिहिलंय तसा गुंता होतो. वर केसांचा ड्रायर धरला की वजन वर सरकतं. माझ्या बाबांनी ते तीनदा करून बघायला लावलं.

एक लक्षात ठेवा. खालचं वजन फिरता कामा नये. पहिल्या खेपेला आम्ही ते मोकळं सोडलं होतं, ड्रिल थांबवल्याबरोबर ते गरगरा उलटं फिरलं आणि अर्ध्या तासाचा पीळ गेला. मग वजनाला आडवी पट्टी बांधली आणि ती भिंतीला टेकवून ठेवली. मला वाटतं जेलमध्येही म्हणूनच जाळं लागतं, नाहीतर मोटार फिरेल आणि साखळीचं मोकळं टोकही तिच्याबरोबर फिरून जाईल. बरोबर का?

ताई, हे थेट हातावर लावू नका. चांगलं आखडायला ते इतकं तापवावं लागतं की चटका बसेल. लांब कुठेतरी डबीत ठेवून तारेने ओढ बोटापर्यंत आणली तर जमेल कदाचित. सायकलच्या ब्रेकची तार असते तशी.

रसायन पवई

अगदी बरोबर. टोक धरलेलं नसेल तर पीळ साठत नाही. पातळ द्रावणात त्याच मोटारी फिरतात आणि बाहेर काहीच दिसत नाही. २००६ मध्ये फेरिंगांच्या गटाने मोटारी द्रवस्फटिकाच्या पातळ थरात मिसळून त्यावर ठेवलेली २८ मायक्रोमीटरची काचेची काडी फिरवली होती. काडी मोटारीच्या दहा हजार पट मोठी. तिथेही शेजारच्या रेणूंना एकमेकांचा आधार होता म्हणूनच फिरणं वरपर्यंत पोचलं. २०१६ मध्ये फेरिंगांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा तो प्रयोग पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आला होता.

ब्रेकच्या तारेची कल्पना मला आवडली. अनघाताई, तुम्हाला चालणार असेल तर एखाद्या शनिवारी मी परळला येतो. वेसाव्याहून त्यांनाही जमलं तर तिघं मिळून निदान एका बोटापुरतं करून बघू.

परळची अनघा

शनिवारी नक्की या, दोघंही. दुपारी दोननंतर ओपीडी संपलेली असते. काका, तुम्हालाही यायचं असेल तर लालबागहून चालत पंधरा मिनिटं.

आज काय झालं ते लिहिते. बाईंची वेळ साडेअकराची होती. त्यांच्या पिशवीत गजऱ्याच्या दोऱ्याची गुंडी असतेच. मी हातभर दोरा काढला, एक टोक टेबलाच्या कडीला बांधलं आणि त्यांना म्हटलं, डाव्या हाताने पिळत राहा. त्यांनी पिळला. मी म्हटलं, आता हात जवळ आणा. दोऱ्याने उडी मारून वळसा घेतला तशा त्या म्हणाल्या, "हे तर आमचं रोजचं दुखणं. सुटा दोरा ओला झाला की असाच करतो." मग मी त्यांना सांगितलं, की परदेशात असे दोरे आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक, आणि त्यांना पीळ घालायला उजेड पुरतो. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. म्हणाल्या, "उन्हाने?" मी म्हटलं, अजून उन्हाने नाही, खास दिवा लागतो.

त्यावर त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून तुमच्यासमोर ठेवते. त्या म्हणाल्या, "मग रात्री काय? आम्ही फुलं पहाटे चारला घेतो, अंधारात."

पवईच्या दादा, अंधारात कुलूप बसतं असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे रात्री निजताना एकदा दिवा दाखवून जेल आखडून ठेवलं तर पहाटेपर्यंत ते मनगट तसंच वर धरून ठेवेल, बरोबर ना? कारण झोपेत मनगट वर धरून ठेवायला आम्ही वेगळी कडक स्प्लिंट देतो, तिथे चपळाई लागतच नाही. निजण्याआधी दिव्याखाली आखडायला तास-दोन तास लागले तरी चालेल. संथपणा जिथे दोष नाही असं हे एक काम माझ्याकडे आहे. शनिवारी याबद्दल आधी बोलू, मग तंगूस.

वेसाव्याच्या ताई, तंगूस ०.८ मिलिमीटरचं आणाल का? आणि ड्रिल माझ्याकडे आहे.